सकाळी मरणारी मोटार

रविवार, १४ एप्रिल १९३५

ही वही होळीच्या आदल्या दिवशी मिळाली आणि आज रामनवमीही होऊन गेली. पहिल्या पानावर माझं नाव आणि एका बैलाचं चित्र, बाकी कोरी. लिहायला बसलो की कोणीतरी हाक मारतं, आणि कोणी नाही मारली तर मीच खिडकीतून बघायला जातो की आज कोणी हाक का मारत नाही.

वही डॉक्टरीणबाईंनी दिली. अंबिकाबाई पटवर्धन, कबीरचौऱ्याला त्यांचा दवाखाना आहे आणि मी त्यांची मोटार चालवतो. मोटार एका साहेबाची होती, तो विलायतेला परत गेला तेव्हा बाईंनी घेतली. होळीच्या आधीपासून ती दर चार-पाच दिवसांनी सकाळी मेलेली सापडते. बटण दाबलं की आतून नुसतं ‘टक्’. बाई म्हणाल्या, “माणसाला ताप आला की मी तक्ता ठेवते. किती चढला, कधी उतरला, काय खाल्लं, काय प्यालं. मोटारीचाही ठेव. रोज लिही.” बाईंना दाखवायला एक वेगळा कागद केला आहे. ही वही माझी.

माझ्याबद्दल लिहावं तर रामघाटावर जन्म, वेदशाळेत तीन वर्षं, इंग्रजी सातवीत दोनदा, नागपूरला एका गॅरेजात चार महिने, कलकत्त्याला एका सर्कशीच्या विजेच्या यंत्रावर एक थंडी. कुठे टिकलो नाही. दादा म्हणतो, “वेण्या, तुझ्या पायात भोवरा आहे.” दादा म्हणजे ढुंढिराज, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दशग्रंथी, पाठशाळेत शिकवतो. या नोकरीला सात महिने झाले, हे मलाच खरं वाटत नाही.

आणि या वेळी टिकायलाच हवं. सीतावहिनी गरोदर आहेत. दोन वर्षांपूर्वी घरीच बाळंत झाल्या, मुलगा झाला, तो रडलाच नाही, आणि वहिनी स्वतः तीन दिवस शुद्धीवर नव्हत्या. बाईंनी या खेपेला दादाला समोर बसवून सांगितलं, छावणीतल्या जनाना हॉस्पिटलात न्यायचं, घरी नाही. सगळी गल्ली नाकं मुरडत असताना दादा हो म्हणाला. गल्लीतून डोलीने मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत, तिथून मोटारीने. मोटार मी आणायची. जूनअखेर.

तेव्हा ही काही फक्त मोटार नाही.

आज हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि मनगट सुजलं आहे. लिहायचं टाळायला आता खरं कारण आहे, पण लिहितोय.

बुधवार, १७ एप्रिल

बॅटरीच्या टोकांवर हिरवी-पांढरी बुरशी चढली होती. खरवडली, सोड्याच्या पाण्याने धुतली, तूप लावलं. मोटार चटकन सुरू झाली. मला वाटलं, झालं, सापडलं.

पाणीही बघितलं. तिन्ही खान्यांत पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, या उन्हात आटतं फार. त्यासाठी बाईंच्या कपाटात वाफेच्या, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्याच्या बाटल्या आहेत, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. मी त्यांना हात लावत नाही. एक तर त्यातलंच पाणी बाई सुईच्या औषधाला वापरतात, ते मोटारीला ओतणं बरं दिसत नाही. दुसरं म्हणजे कुठल्या कारखान्यात कोणी कधी भरलं कोण जाणे. दादा पहाटे ओलेत्याने तांब्याचा हंडा भरून गंगा आणतो, त्याला घरात वहिनींशिवाय कोणाचा हात लागत नाही. वर्षभर ठेवा, किडा पडत नाही. वहिनींकडून मी तांब्या भरून घेतो. पहिल्या दिवसापासून हीच पद्धत आहे. तक्त्यात लिहिलं : पाणी भरलं.

येताना ठठेरी बाजारात एक जण पितळेच्या पत्र्यावर मोर ठोकत होता. नुसता ठोकत होता आणि मोर येत होता. दीड तास गेला.

सोमवार, २२ एप्रिल

सापडलं नव्हतं.

आज बाईंना घेऊन शिवपूरला निघालो, एक बाई अडली होती. विश्वेश्वरगंजच्या तोंडाशी रस्त्यात सांड बसलेला. भोंगा वाजवला, तो डोळे मिटून रवंथ करत राहिला. थांबलो तर इंजिन बंद पडलं. बटण : टक्. हँडल : काही नाही. बॅटरी अगदीच मेली असली की ठिणगीच पडत नाही, मग हँडल मारा की नमस्कार मारा, सारखंच.

पानवाला म्हणाला, “गुरू, नंदी के आगे इंजन बंद ही कर देना चाहिए.” दुसऱ्याने मोटारीला चारा किती लागतो विचारलं. चौघांनी ढकलली, ती सांडाच्या बाजूलाच जाऊन थांबली.

बाईंनी पिशवी उचलली, एक्का मिळेना म्हणून भर दुपारी पायी निघाल्या. मी पिशवी घ्यायला धावलो तर म्हणाल्या, “तू मोटारीपाशी थांब. तिला तुझी जास्त गरज आहे.” ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिवपूरची बाई वाचली. ते संध्याकाळी कळलं. तोपर्यंत मी काही खाल्लं नाही.

रविवार, ५ मे

इनायत मिस्त्रीकडे पंधरवडाभर खेटे. नाटीइमलीला त्यांचं टपरीवजा दुकान आहे. मोटारीची नाडी बघणारा शहरात दुसरा नाही असं तेच सांगतात, आणि बहुतेक खरं असावं.

आधी म्हणाले, दिवा रात्रभर जळत राहत असेल. सगळे दिवे काढून ठेवले. तरी मेली. मग म्हणाले डायनामो भरत नसेल. इंजिन चालवून काटा बघितला, भरण्याच्या बाजूला छान झुकतो. मग म्हणाले, डायनामो आणि बॅटरीच्या मध्ये जो स्विच आहे तो चिकटत असेल, दिवसा भरलेलं रात्री उलटं वाहून जात असेल. हे मला फार पटलं. तो घासून साफ केला, आणि मी दोन दिवस सगळ्यांना हे उलटं वाहणं समजावून सांगत फिरलो. तिसऱ्या सकाळी : टक्.

मग माझ्याच डोक्यातून एक गोष्ट निघाली, ती लिहून ठेवतो, कारण माझ्या डोक्यातून रोज काही निघत नाही. बॅटरी पूर्ण भरून घेतली, दोन्ही तारा सोडल्या, आणि ती मोटारीबाहेर काढून कोरड्या फळीवर एकटी ठेवली. कशाला जोडलेली नाही. चार दिवसांनी आज दिवा लावून पाहिला. काजव्याइतका.

म्हणजे कोणी चोरत नाही. ती स्वतःच स्वतःला खाते.

मिस्त्रींनी दाढी खाजवली. “पंडितजी, ये अकल की बात की तुमने.” काचेच्या नळीने तेजाब, म्हणजे आतलं आम्ल, ओढून पाहिलं. त्यात जोर असला की नळीतली गोळी वर तरंगते, ती तळालाच बसली. “पेट खराब है इसका. पानी कौन सा डालते हो?”

“सबसे अच्छा,” मी म्हणालो.

“नल का तो नहीं?”

“राम राम. नल का कभी नहीं.”

त्यांचं समाधान झालं. म्हणाले, साहेबाच्या वेळची जुनी बॅटरी आहे, वय झालं, नवी आणा. हेच होतं तर पंधरवडाभर मी काय करत होतो? बाईंनी कलकत्त्याला लिहिलं.

शनिवार, ११ मे

नवी बॅटरी आली. काळी कुळकुळीत. बटणाला बोट लागलं न लागलं तोच इंजिन धडधडतं. बाईंना घेऊन एका दिवसात चार ठिकाणी जाऊन आलो.

ही मी पोटच्या पोरासारखी ठेवणार. रोज सकाळी तांब्या घेऊन जातो आणि तिन्ही खाने काठोकाठ भरतो, थेंबभरही कमी राहू देत नाही. कधी जास्त होऊन वरून वाहतं, ते पुसून घेतो. वहिनी म्हणाल्या, “भावजी, देवांना एवढं पाणी घातलं असतंत तर तुमच्या दादांनी तुम्हाला काही म्हटलं नसतं.”

शुक्रवार, १७ मे

लिहिण्यासारखं काही नाही. मोटार चालते. बाईंनी दोन दिवस सुट्टी दिली, सारनाथला गेलो. तिथे ब्रह्मदेशाचे यात्रेकरू भेटले, त्यांतला एक रंगूनला मोटारींचं दुकान चालवतो. म्हणाला, चल. मी खरंच क्षणभर चाललो होतो. मग वहिनी आठवल्या.

गुरुवार, ३० मे

आज सकाळी इंजिन उचलायला वेळ लागला. आवाज घोगरा. कदाचित थंडीमुळे, असं लिहिणार होतो, पण हा मे महिना आहे आणि रात्री अंगणात झोपूनही घाम निथळतो.

मिस्त्रींनी नळी घातली. गोळी अर्ध्यावर. “नई है, बैठ रही है,” म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

बुधवार, ५ जून

मेली. नवी बॅटरी, पंचवीस दिवसांत.

मी मोटारीच्या चाकाला लाथ मारली आणि अंगठा दुखावला. मग शेडमध्ये बसून राहिलो. या जागेतच काही असेल का? दवाखान्याच्या मागच्या या शेडमध्ये पूर्वी कोणाचा घोडा मेला होता म्हणतात. हे बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “घोडा कशाने मेला ते कळलं तर सांग, तक्त्यात लिहू.” आणि मग, हसू पुसून, “वेणीमाधव, सीताला मी काल तपासलं. पोट फार मोठं आहे, मूल आडवं असावं. महिनाअखेरीला मला ही मोटार उभी हवी. हवी म्हणजे हवी.”

मिस्त्रींनी रात्रभर विजेवर लावून भरून दिली. पुन्हा चालते आहे. किती दिवस?

मंगळवार, ११ जून

गंगादशहरा. घाटावर पाय ठेवायला जागा नाही.

दादाने मोटारीबद्दल आजवर चांगला शब्द काढलेला नाही. आज तो गर्दीतून ओलेत्याने वर आला, आणि त्याने आपण होऊन तांब्या माझ्या हातात दिला. “मध्य धारेतलं आहे, नाव करून गेलो होतो. तुझ्या त्या पेटीत घाल.” मग जानवं पिळत म्हणाला, “सीतेला न्यायचंय ना तिच्यातून.”

तांब्या दोन्ही हातांत धरून थेट कबीरचौऱ्याला गेलो, जुनं पाणी थोडं काढून तिन्ही खाने दशहऱ्याच्या पाण्याने भरले. एक थेंब सांडू दिला नाही. आज प्रथमच वाटलं की सगळं ठीक होईल.

बुधवार, १२ जून

हे कसं लिहू तेच कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

सकाळी वहिनी मोरीशी पाटावर बसून दादाच्या आंघोळीचा बंब चिंचेने घासत होत्या. मी म्हटलं, या दिवसांत हे काम कशाला? म्हणाल्या, बसून बसून कंटाळा आला. बंबाच्या आत बोटभर जाडीचा पांढरा थर होता, चुन्यासारखा. खरवडून निघेना.

“हे कुठून येतं?” मी सहज विचारलं.

“पाण्यातनं. आणखी कुठून? पाणी वाफ होऊन जातं, हे मागे राहतं. दर महिन्याला घासावं लागतं.” त्या थांबल्या. चिंचेचा गोळा हातातच राहिला. “भावजी, तुमच्या पेटीतलं पाणी आटतं म्हणता ना?”

“रोज.”

“आणि तुम्ही रोज वरून घालता.”

“हो.”

“मग तिच्यातलं हे कोण घासतं?”

मी पायात जोडा सरकवला. मग धावत कबीरचौऱ्याला जाऊन कपाटातली वाफेच्या पाण्याची बाटली उचलून आणली. वहिनींनी पूजेच्या दोन पळ्या घेतल्या. एकीत बाटलीतलं, एकीत हंड्यातलं. दोन्ही शेगडीवर धरल्या. आम्ही दोघं वाकून बघत होतो. बाटलीची पळी आटली, लखलखीत कोरडी. हंड्याच्या पळीत पांढरं कडं.

पहिल्या दिवसापासूनचे सगळे तांबे डोळ्यांसमोरून गेले. शिवपूर. सांड. बाईंचं उन्हातून चालणं. आणि कालचा, काठोकाठ.

तेवढ्यात दादा संध्या आटोपून स्वयंपाकघरात आला. पूजेची पळी निखाऱ्यावर, आत गंगा. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. वहिनींनी सगळं सांगितलं, मी नाही. दादाने पळी हातात घेतली, उजेडात धरली, कड्यावरून अंगठा फिरवला.

“हरिद्वारपासून इथपर्यंत सगळ्या देशाचं हिच्यात येतं,” तो म्हणाला. “ती ते पोटात ठेवते, म्हणून ती गंगा. तुझ्या वीतभर पेटीला ते कसं झेपणार?” मग पळी खाली ठेवली. “काल मीच दिलं तुला.”

“तुला काय माहीत होतं, दादा.”

“तुला माहीत असायला हवं होतं,” तो म्हणाला. रागाने नाही.

दुपारी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. “मैंने पूछा था ना? सबसे अच्छा!” बॅटरी रिकामी करावी लागेल, आतून धुवावी लागेल, नवं तेजाब, तीन दिवस भरणं. तीही वाचली तर. पण बाईंच्या परवानगीशिवाय ते हात लावणार नाहीत.

म्हणजे बाईंना सांगावं लागणार. उद्या सांगतो.

गुरुवार, १३ जून

सांगितलं नाही.

सकाळी गेलो तर बाई रोग्यांत होत्या. बाहेर थांबलो. मग लंगडा आंब्याच्या गाड्या आल्या, त्या बघत चौकापर्यंत गेलो. मग चौकापासून परत यायला नको वाटलं. खोटं कशाला लिहू, आंब्याच्या गाड्यांचा यात काही दोष नाही. त्या नसत्या तर मी दुसरं काही शोधलं असतं.

घरी येऊन वळकटी बांधली. मुगलसराय स्टेशन एवढ्याशावर तर आहे. नागपूरहून असाच निघालो होतो, कलकत्त्याहूनही. तिथे कोणी माझी वाट बघत नव्हतं, एवढाच फरक. वहिनींनी वळकटी पाहिली. रात्री जेवताना ताटात दुसरी पोळी न विचारता वाढली, आणि म्हणाल्या, “भावजी, महिनाअखेर आता फार लांब नाही.”

वळकटी सोडली. उद्या नक्की.

शुक्रवार, १४ जून

जिन्यात बसून लिहितोय. एका जागी बसवत नाही, आणि इथून हलवतही नाही. हाताला हे काम दिलं आहे.

उजाडताच वहिनींना कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधीच. दादा डोलीवाल्यांना बोलवायला गेला, मी कबीरचौऱ्याला पळालो. शेडमध्ये आधी गेलो, बाईंना उठवण्याच्याही आधी. म्हटलं, कदाचित. बटण दाबलं. टक् सुद्धा नाही. हँडल बारा वेळा मारलं.

बाई पदर खोचत बाहेर आल्या. “सीता?”

“हो. बाई, मोटार चालणार नाही. मीच मारली. तुमच्या बाटल्यांना मी कधी हात लावला नाही, पहिल्या दिवसापासून गंगाजळ घातलं. परवा कळलं. काल सांगायला आलो आणि सांगितलं नाही.”

हे मी एका दमात म्हटलं. बाईंनी आतून दोन पिशव्या आणून समोर ठेवल्या. “काल सांगितलं असतंस तर मी आज भाड्याची मोटार बांधून ठेवली असती,” त्या म्हणाल्या. “हे तू लक्षात ठेव. पिशवी उचल. ती दुसरीही, जड आहे.”

एक्का चौखंबापर्यंत, पुढे गल्ली. बाई माझ्यापुढे चालत होत्या. वाटेत एकदाच मागे वळून म्हणाल्या, “दुपारनंतर ती पेटी इनायतकडे न्यायची. धुऊन निघाली तर निघाली. आणि कपाटाची किल्ली तुझ्याकडेच राहू दे.”

पोचलो तेव्हा डोली दारात उभी होती आणि वहिनींना जिनाही उतरवता येत नव्हता. बाईंनी हात लावून पाहिलं आणि डोली परत पाठवली. “आता कुठेही नाही. इथेच. पाणी उकळा, ढुंढिराज. कुठलंही चालेल.” दादाने स्वतः शेगडी फुंकली. शेजारच्या शरदिनीकाकू आत आहेत.

तेव्हापासून पाच तास. दादा दारासमोर उभा आहे. आज त्याचं स्तोत्रही झालेलं नाही. मधे एकदा आतून वहिनींचा आवाज इतका खोल गेला की दादाने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. छावणीत असतो तर आत औषधं असती, मोठे डॉक्टर असते, टेबल असतं. इथे पाट आहे आणि बाई आहेत. ते मी केलं. आणि पळून जायला आज प्रथमच मन होत नाही.

आता रडणं ऐकू आलं. बारीक, पण रडणं. दादा खाली बसला.

बाईंनी दार बोटभर उघडलं. “मुलगी. ठीक आहे.”

“सीता?” दादाचा आवाज ओळखू येत नव्हता.

“बोलतेय. पाणी मागतेय. आत येऊ नका अजून.” दार लागलं.

दादा उपरण्यात तोंड घालून हसत होता की रडत होता, मला कळलं नाही. मी खाली विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि वर आलो. आत गडबड वाढली आहे. शरदिनीकाकू मोठ्याने काही विचारत आहेत, बाई “थांबा, थांबा” म्हणत आहेत. दादा पुन्हा उभा राहिला आहे.

दार पुन्हा उघडलं. बाईंच्या कपाळावरून घाम टपकत होता. “वेणीमाधव, आणखी एक धोतर दे, जुनं, मऊ. लवकर.” मी दादाच्या पेटीतलं सापडलं ते दिलं आणि हे लिहायला परत बसलो. दादा मला विचारतोय, आता कशाला धोतर, कोण आलं?

दुसरं आलं आहे. त्याची कोणालाच कल्पना नव्हती, बाईंनाही नाही. मुलगा की मुलगी, ते अजून विचारलेलं नाही. रडतंय मात्र बहिणीपेक्षा मोठ्याने.